पाइपवरचे तीन ठोके

वाल्येवो गावातल्या एका जुन्या चार मजली इमारतीत विदोसावा दुसऱ्या मजल्यावर राहते. एकोणीस डिसेंबरला, संत निकोलाच्या दिवशी, ती कुणालाही जेवायला बोलावत नाही. आणि त्याच दिवशी तिच्या घरात पाय ठेवायला जागा नसते.

हा संत तिच्या नवऱ्याच्या घराण्याचा. बेचाळीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आली, तेव्हा सासूने कणीक मळायचं लाकडी भांडं तिच्या हाती दिलं आणि सोबत एवढंच सांगितलं, "आपल्या संताच्या दिवशी, स्लाव्याला, आमंत्रण करायचं नसतं. आपण मेणबत्ती लावायची, दार उघडं ठेवायचं. कोण यायचं ते तो बघतो." 'तो' म्हणताना सासूने भिंतीवरच्या तसबिरीकडे असं बघितलं, की जणू घरातले वडीलधारे खुर्चीत बसलेत.

घराण्यात हा नियम एकदाच मोडला होता. विदोसावाच्या आजेसासऱ्यांनी तालुक्याच्या कुणा साहेबाला मुद्दाम निरोप धाडला. साहेब आला, निम्मा मासा त्यानेच संपवला, आणि जेवता जेवता असा शिंकला की संतापुढची मेणबत्ती विझली. त्या वर्षी बागेतल्या आलुबुखारांना फळ म्हणून धरलं नाही. आता ना ते आजेसासरे राहिले ना तो साहेब, पण ती शिंक अजून घरात आहे. दरवर्षी कुणीतरी तिचं नाव काढतंच.

विदोसावा देवाधर्माची बाई. बुधवारी-शुक्रवारी तिच्या घरात दूध, अंडं, लोणी यांपैकी काही शिजत नाही. तसबिरीपुढचा दिवा तिने कधी विझू दिला नाही. दोन मुली परदेशी, एक स्वीडनला, एक ऑस्ट्रियात. नवरा तिखोमिर बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त. मुली गेल्यापासून खायला घालायला माणूस मिळेना, हेच तिचं मोठं दुखणं. तिखोमिरला डॉक्टरने मीठ तोडलं होतं, आणि पहिल्या मजल्यावरची ग्रोझ्दाना खायची भरपूर, पण नावंही ठेवायची.

मग मार्चमध्ये वरच्या मजल्यावर अमेरिकन आली.

कोरीन तिचं नाव. चाळिशीची, एकटी, उंच, लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढायचं तिचं काम. आली होती पंधरा दिवसांसाठी, नदीकाठच्या भाजीबाजारात तिला काय सापडलं कोण जाणे, तिने वर्षभराचं भाडंच ठरवून टाकलं. येताच तिने तीन गुन्हे केले. समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडून घरातून वारा आरपार जाऊ दिला. ओल्या केसांनी पाव आणायला गेली. आणि अनवाणी पायांनी फरशीवर उभी राहून सकाळी सात वाजता व्यायामाच्या उड्या मारल्या.

पहिले दोन गुन्हे विदोसावाने सहन केले. तिसरा तिच्या डोक्यावरच घडत होता. आठव्या दिवशी तिने हातातल्या डावाने खोली गरम ठेवणाऱ्या पाइपवर तीन ठोके हाणले. हा पाइप खालून वर सगळ्या घरांतून जातो. तीन ठोक्यांचा अर्थ या इमारतीत शेंबड्या पोरालाही कळतो: बंद कर.

उड्या थांबल्या. आणि मिनिटभरात दारावरची घंटा वाजली. बाहेर कोरीन उभी, अनवाणी, केस ओले, तोंडभर हसू.

"तुम्ही बोलावलंत?" ती म्हणाली.

आता दारात आलेल्या माणसाला 'मी तुला रागावले होते' असं कसं सांगणार? विदोसावाने आधी तिच्या पायांत चपला सरकवल्या, मग डोक्यावर टॉवेल टाकला, मग चमचाभर गुलाबाचा मुरांबा आणि पेलाभर पाणी दिलं, आणि कॉफी चढवली. घंटा ऐकून ग्रोझ्दानाही वर आली. पाइप तिच्याही घरातून जातो, आणि तिला ठोक्यांमागचं कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही.

तेव्हापासून रोज दहा वाजता कॉफी उकळली की विदोसावा पाइपवर तीन ठोके द्यायची. वरून कोरीन उतरायची, खालून ग्रोझ्दाना चढायची. "तुला नव्हतं हं बोलावलं," विदोसावा म्हणायची. "मला कधी लागतं?" म्हणत ग्रोझ्दाना खिडकीजवळची चांगली खुर्ची धरायची.

कोरीन मिनेसोटाची. तिकडे म्हणे थंडीत तळी इतकी गोठतात की लोक त्यांवर गाड्या चालवतात. "आणि त्या गावची बाई टोपी घालत नाही!" विदोसावा कपाळाला हात लावायची. तिने कोरीनला लोकरी मोजे विणून दिले, मग दुसरे विणून दिले, कारण पहिले कोरीनने शोभेला भिंतीवर टांगले होते. खायला घालण्याचं तर विचारू नका. कोरीन 'नको' म्हणाली की विदोसावा थोडंसं वाढायची, 'खरंच नको' म्हणाली की पुरेसं वाढायची. एकदा बुधवारी कोरीनने आपण होऊन लोण्यातली बिस्किटं करून आणली. विदोसावाने त्यांचं तोंडभर कौतुक केलं आणि डबा कपाटावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चार बिस्किटं खाऊन तिने पाइप ठोकला आणि सांगितलं, "छान झाली होती. काल उपास होता."

ऑक्टोबरात मिरच्यांचा मोसम आला. तीस किलो लाल ढोबळ्या मिरच्या, अंगणातल्या चुलीवर भाजायच्या, सोलायच्या, दिवसभर घोटायच्या. कोरीनने दोघींच्या बरोबरीने त्या सोलल्या. बोटं इतकी चुरचुरली की तिला दोन दिवस पेन्सिल धरवली नाही. "हात जाळून घेतलेस, आता तू इथलीच," ग्रोझ्दाना म्हणाली, आणि चटणीच्या बरण्या वाटताना तिला एक कमीच दिली, घरच्या माणसाला देतात तशी.

म्हणूनच विदोसावाने मनात धरलं होतं की या स्लाव्याला कोरीन असणारच. असणार म्हणजे काय, विचारायचं काय त्यात? ताटांच्या चळतीतली एक थाळी तिने मनातल्या मनात तिच्या नावाने ठेवलीही होती.

सणाला चार दिवस उरले होते. तिघी टेबलाशी बसून अक्रोड निवडत होत्या, उकडलेल्या गव्हाच्या प्रसादात घालायला. कोरीन टरफलं गोळा करत म्हणाली, "विदामावशी, शुक्रवारी तुमच्याकडे खूप पाहुणे असतील ना? काळजी करू नका. मी दिवसभर घरीच आहे, पण अजिबात आवाज करणार नाही."

विदोसावाच्या हातातला अक्रोड तसाच राहिला. कोरीन गेल्यावर तिने ग्रोझ्दानाला विचारलं, "हे काय बोलली ती?"

"जे बोलली ते. ती यायची नाही."

"का? माझं काय चुकलं?"

"तुझं काही नाही गं. त्यांच्याकडे बोलावल्याशिवाय जात नाहीत. माझा पुतण्या शिकागोला होता. तिथे म्हणे सख्ख्या आईकडे जायचं तरी आधी फोन करून विचारतात, येऊ का म्हणून."

"आईला विचारतात?" विदोसावाने क्रूसाची खूण केली.

"तेव्हा सरळ सांग तिला. ये म्हणावं जेवायला."

"आणि शिंक?"

ग्रोझ्दानाने समोरचा अक्रोड उचलून तोंडात टाकला.

त्या संध्याकाळी विदोसावा तसबिरीपुढे जरा जास्तच वेळ उभी राहिली. संत निकोला म्हणजे वाटसरूंचा, खलाशांचा, घरापासून दूर असलेल्यांचा वाली. "हे बघ," ती पुटपुटली, "परदेशी माणसं तुझ्याकडे असतात. ही तर सातासमुद्रापलीकडची. मार्चमध्ये तिचं भाडं संपतं, घरी जाते की काय कोण जाणे. तिकडे जाऊन सांगेल, बायांनी माझ्याकडून मिरच्या सोलून घेतल्या, अक्रोड निवडून घेतले, आणि सणाला दार लावून जेवल्या. मी बोलावू शकत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तेव्हा तूच काय ते बघ."

तिखोमिर आरामखुर्चीतून म्हणाला, "त्याला कशाला घोळात घेतेस? आडून सांग तिला."

"आडून सांगणं म्हणजे बोलावणं नाही?"

"आडून म्हणजे आडून. नियमात नाही ते."

विदोसावाने यावर रात्रभर विचार केला आणि ते तिला पटलं.

दुसऱ्या दिवशी कॉफी ओतताना ती सहज म्हणाली, "कोरीन, तुला मासा भाजलेला आवडतो की रश्शातला?"

"दोन्ही," कोरीन म्हणाली.

"शुक्रवारी दोन्ही आहेत."

"पाहुण्यांची मजा आहे," कोरीन म्हणाली आणि कपात बघू लागली.

बुधवारी विदोसावाने आणखी जवळचा डाव टाकला. "मी जिना धुऊन घेतलाय. वरपासून खालपर्यंत. शुक्रवारी कुणाला वरून उतरायचं झालं तर घसरायला नको."

"मी उतरणार नाहीये, पण थँक्यू," कोरीन म्हणाली.

गुरुवारी विदोसावा घायकुतीला आली. "आमचं दार शुक्रवारी दिवसभर सताड उघडं असतं! सकाळपासून! कुणीही यावं!"

कोरीनने तिच्याकडे काळजीने बघितलं. "सताड? मावशी, मग घरातून वारा आरपार जाईल की."

ग्रोझ्दाना हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली. विदोसावा मात्र कोरीन गेल्यावर गॅसजवळ पाठमोरी उभी राहिली. नऊ महिने हिला वाऱ्याच्या झोतावरून बोलले, त्याचं हे फळ. आणि एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नव्हती: आज कोरीनने मुरांबा अर्धाच खाल्ला होता, आणि जाताना 'उद्या भेटू' म्हणाली नव्हती.

शुक्रवार उजाडला. पाचलाच विदोसावा उठली. आदल्या आठवड्यात पाद्रीबाबांनी मंतरून दिलेलं पाणी तिने कणकेत घातलं होतं; सणाचा गोल पाव फुगून सोनेरी झाला होता, वर कणकेचंच कबुतर, द्राक्षाचा घड, क्रूस. उपासाचे दिवस, पण मासा चालतो; सगळं तेलातलं: भाजलेला मासा, माशाचा रस्सा, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, कांद्यात मुरवून भट्टीत भाजलेला पांढरा घेवडा, आणि ती मिरच्यांची चटणी. दहाच्या सुमाराला पाद्रीबाबा आले. मेणबत्ती लागली, धूप झाला, पावावर वाइन शिंपडली, सगळ्यांनी मिळून तो हातांवर फिरवला आणि तोडला. तिखोमिरने बाहीवर पांढरा रुमाल टाकला आणि उभा राहिला. या दिवशी घरधनी बसत नाही. तो आल्यागेल्याला वाढतो.

लोक येऊ लागले. तिखोमिरचे जुने ड्रायव्हर सोबती, चुलत दीर, त्यांच्या सुना, शाळेतली शिपाईबाई, समोरच्या इमारतीतलं नव्याने राहायला आलेलं जोडपं, ज्यांचं आडनावही विदोसावाला ठाऊक नव्हतं. दारात प्रत्येकाने एक चमचा गोड गहू घ्यायचा, क्रूसाची खूण करायची, उष्टा चमचा पाण्याच्या पेल्यात टाकायचा आणि म्हणायचं, "सण सुखाचा जावो, घरधनी!" कुणी वाइन आणली, कुणी कॉफीची पुडी, कुणी फुलं. स्वीडनहून फोन आला, ऑस्ट्रियाहून आला. मावेनात म्हणून माणसं पलंगावर बसली.

आणि विदोसावाचे कान छताला होते.

वरून पावलं ऐकू येत होती. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. खाली जिन्यात चाहूल लागली की ती थांबायची. पाहुणा आत आला की पुन्हा सुरू व्हायची.

चार वाजले. तिसऱ्या पंगतीला मासा आला. "वरची नाही आली गं अजून?" ग्रोझ्दानाने भरल्या तोंडाने विचारलं, ते जिन्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

"येईल," तिखोमिर म्हणाला.

"कधी? मेणबत्ती बघ."

मेणबत्ती निम्म्याच्या खाली आली होती. विदोसावा स्वयंपाकघरात गेली, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. समोर गॅसवर कॉफीचं भांडं उपडं होतं, कोरडं ठणठणीत. आणि एकदम तिच्या लक्षात आलं. पाहुण्यांची कॉफी दिराच्या सुनेने मोठ्या पातेल्यात केली होती. दहाची कॉफी आज झालीच नव्हती. नऊ महिन्यांत एक दिवस चुकला नव्हता तो ठोका. सणाला न बोलावणं राहू दे, आज तर रोजचं बोलावणंही गेलं नाही! वर ती पोर सकाळपासून कान लावून बसली असेल, आणि पाइप मुका.

तिने तसबिरीकडे बघितलं. दारातून संताची एक बाजूच दिसत होती. सासूचं वाक्य तिने मनाशी पुन्हा म्हटलं, शब्दन् शब्द. स्लाव्याला बोलावायचं नसतं. बरोबर. पण कॉफीचं? कॉफीबद्दल सासू काही म्हणाली नव्हती. आजेसासऱ्यांनीही साहेबाला कॉफीला बोलावलं नव्हतं.

तिने भांड्यात पाणी टाकलं, गॅस पेटवला, आणि रश्श्याचा डाव उचलून पाइपवर तीन ठोके दिले. डाव मोठा होता, घर दणाणलं.

ग्रोझ्दाना दारात आली. "विदा! बोलावलंस?"

"कॉफीला," विदोसावा म्हणाली.

"चार वाजता?"

"आज उशीर झाला."

तिखोमिरने रुमाल दुसऱ्या बाहीवर टाकला आणि तोंड फिरवून हसला. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने काळजीने मेणबत्तीवर हाताचा आडोसा धरला. काही सांगता येत नाही, कुणाला शिंक आली तर!

जिन्यावर पावलं वाजली. कोरीन दारात उभी राहिली आणि विदोसावाला आधी ओळखूच आली नाही. निळा लोकरी झगा, कानांत डूल, पायांत बूट. केस कोरडे, विंचरलेले. एका हातात तीन फुलं, दुसऱ्या हातात फडक्याखाली झाकलेली पाईची थाळी. जिना उतरायला तिला मिनिटही लागलं नव्हतं. इतकी तयारी मिनिटात होत नाही. ती सकाळपासून तयार होऊन बसली होती.

तीस जणांकडे बघून ती अडखळली. "मला... कॉफीचा ठोका ऐकू आला."

"कॉफीच आहे," विदोसावा म्हणाली. तिने चमचा पुढे केला. "आधी गहू घे."

कोरीनने गहू घेतला. क्रूसाची खूण तिने उलट्या बाजूने केली. चमचा मात्र तिने बरोबर पेल्यात टाकला. "सण सुखाचा जावो, घरधनी," ती हळूच म्हणाली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दिवसभर जिन्यातून वर ऐकू येत होतं.

"बस," तिखोमिर म्हणाला. तिला जागा करून द्यायला पलंगावरचे चौघे सरकले. विदोसावाने फडकं उचललं. सफरचंदाची पाई होती, कडा नीट चुणलेल्या.

"यात लोणी नाही," कोरीन घाईने म्हणाली. "अंडंही नाही. तेलात केलीय. उपास आहे म्हणून."

खोलीतल्या बायांनी एकमेकींकडे बघितलं. विदोसावाने सुरी घातली. सुरी आत जाईना. तिखोमिरने घेतली, जोर लावला. कवच कौलासारखं फुटलं आणि तुकडा उडून ग्रोझ्दानाच्या रश्श्यात पडला.

"चव चांगली आहे," ग्रोझ्दाना तो चावत म्हणाली. "दातांचा खर्च येईल."

विदोसावाने दोन तुकडे खाल्ले. तिसऱ्यालाही नाही म्हणाली नाही.

कॉफी आली तेव्हा कोरीनने तिला जवळ ओढून विचारलं, "मावशी, मला का नाही सांगितलंत? मी वाट बघत होते."

"मीसुद्धा," विदोसावा म्हणाली.

"मग पुढच्या वर्षी बोलवाल ना?"

"मुळीच नाही!"

कोरीनचा चेहरा पडला. तेवढ्यात ग्रोझ्दाना टेबलावर हात आपटून म्हणाली, "मला चाळीस वर्षांत एकदा बोलावलं नाही या बाईने!"

"मला तीस," शाळेची शिपाईबाई म्हणाली.

"आणि मी सख्खा चुलतभाऊ!" दीर छाती ठोकत ओरडले. "जन्मात कधी नाही!"

समोरच्या इमारतीतलं जोडपंही म्हणालं, "आम्हाला तर हे ओळखतही नाहीत." तिखोमिरने त्यांचे पेले काठोकाठ भरले. कोरीनने टेबलभर नजर फिरवली, एकेका खूश तोंडावर, आणि मग ती अशी हसायला लागली की कॉफी सांडली. विदोसावाने संताकडे बघितलं. मेणबत्ती सरळ जळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विदोसावा ढीगभर ताटं विसळत होती. दहा वाजायला पाच मिनिटं असताना पाइप वाजला. तीन ठोके. पण आवाज वरून आला.

तिने हात पुसले, गव्हाच्या उरलेल्या प्रसादाची वाटी उचलली आणि जिना चढली. दार उघडंच होतं. आत खिडकीजवळच्या चांगल्या खुर्चीवर ग्रोझ्दाना आधीच बसली होती.

"तुला बोलावलं होतं का?" विदोसावाने विचारलं, आणि वाटी ठेवायच्या आधी समोरची खिडकी लावून घेतली.